कालञ्ञुता आणि हातातील भ्रमणध्वनी

जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. दात्याने नेमके काय दिले, हे लेख आवर्जून सांगतात. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने लेण्याद्रीचे चेतियघर दिले. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व एक पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या, तर चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वर्षावासासाठी येथे राहणाऱ्या भिक्षूला वंदनेसाठी एक जागा होती, भोजनासाठी दुसरी, एकांतासाठी तिसरी. जागा बदलली की काम बदले, आणि कामाबरोबर चित्तही वळे. दिवसाची विभागणी करण्याचे निम्मे कार्य दगडी भिंतीच करीत असत.

आज आपल्या हातातील भ्रमणध्वनीत अशी एकही भिंत नाही. पत्रव्यवहार, वर्तमानपत्र, बाजारभाव, सभेचे निमंत्रण, भावकीतील भांडण, करमणूक आणि धम्मप्रवचन हे सर्व एकाच काचेवर एकापाठोपाठ येते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम अशा चार-पाच ठिकाणी आपला वेळ कसा वाटून घ्यावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ घड्याळाचा नाही. भिंती पडल्यानंतर त्या आपणच कशा उभाराव्यात, असा तो प्रश्न आहे.

‘फोन टाकून द्या’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या घरी राहून पाहावे. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोचा भाव त्याला फोनवर कळतो. शेतीची वीज रात्रीची असली तर पाण्यावर जाण्यापूर्वी, बिबट्या कोणत्या मळ्यात दिसला, हा निरोपही त्याला त्यावरच मिळतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र असलेल्या या तालुक्यात तो निरोप गमतीचा विषय नाही. शिवाय आपल्या समाजाचे आणखी एक कारण आहे. ज्यांच्या बातमीला मोठ्या वृत्तपत्रांत फारसे स्थान मिळाले नाही, त्यांना आपले म्हणणे स्वतः प्रसिद्ध करण्याचे साधन प्रथमच इतक्या स्वस्तात लाभले आहे. ते सोडून देण्यात शहाणपण नाही.

तथापि या माध्यमांची रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींवर चालते, आणि जाहिरात दाखविण्यासाठी वाचक थांबून राहावा लागतो. म्हणून पानाला शेवट ठेवलेला नाही. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. 29 जून 2020 रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स सुरू केले. गावोगावची मुले एका अंगणातून उठून दुसऱ्यात जाऊन बसली. एक माध्यम बंद केल्याने वेळ वाचतो, हा समज तेव्हाच खोटा ठरला.

संयुत्तनिकायाच्या सळायतनसंयुत्तात छप्पाणकोपम सुत्त आहे. एक मनुष्य सहा प्राणी धरतो : साप, मगर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड. प्रत्येकाला बळकट दोरीने बांधून तो सर्व दोऱ्यांची एकत्र गाठ मारतो व सोडून देतो. साप वारुळाकडे ओढतो, मगर पाण्याकडे, पक्षी आकाशाकडे, कुत्रा गावाकडे, कोल्हा स्मशानाकडे, माकड वनाकडे. ओढून ओढून दमल्यावर जो अधिक बलवान असेल त्याच्यामागे इतर फरफटत जातात. ही असंयत इंद्रियांची अवस्था होय. दुसऱ्या वेळी तोच मनुष्य त्या दोऱ्या एका भक्कम खांबाला बांधतो. प्राणी तसेच ओढतात. पण थकल्यावर खांबापाशीच बसतात. हा खांब म्हणजे कायगता सति.

या उपमेत एकाही प्राण्याला मारलेले नाही, हे लक्षणीय आहे. प्रत्येकाशी स्वतंत्र झुंजही घेतलेली नाही. आपण मात्र नेमके उलट करतो. सोमवारी फेसबुक काढून टाकतो, गुरुवारी पुन्हा घेतो, मधले तीन दिवस यूट्यूबवर घालवतो. दोऱ्यांची गाठ एकमेकींशी तशीच राहते.

व्यवहारात खांब कोणता? पश्चिम आंबेगावच्या काही वस्त्यांत रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर जावे लागे. वर गेलेला मनुष्य चार कामे मनात ठरवून जाई, ती उरकून खाली येई. ती गैरसोयच होती, तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात जागा, वेळ आणि प्रयोजन ही तिन्ही ठरलेली होती. तेवढेच आपण स्वेच्छेने ठरवावे. घरातील एक जागा, दिवसातून दोन वेळा, आणि फोन उघडण्यापूर्वी कशासाठी, हे मनाशी एका वाक्यात म्हणणे. त्याआधी सात दिवस कोणत्या माध्यमावर किती वेळ गेला, याची नोंद घ्यावी. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये हा हिशेब मिळतो. तो पाहून मी स्वतः खजील झालो होतो; ज्या आठवड्यात एका पाठाची मुद्रिते तपासायला वेळ नाही असे मी सर्वांना सांगत होतो, त्याच आठवड्याचा तो हिशेब होता. बिबट्याच्या निरोपाचा गट सोडून बाकी सर्व गटांचा आवाज बंद ठेवावा. विहाराच्या गटात फक्त अ‍ॅडमिनने संदेश पाठवावेत अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. ती केल्यास 14 एप्रिलला शेकडो अभिनंदनांच्या ढिगात मिरवणुकीची वेळ शोधावी लागणार नाही.

सत्पुरुषाच्या सात गुणांत कालञ्ञुता, म्हणजे योग्य काळ ओळखणे, आणि मत्तञ्ञुता, म्हणजे प्रमाण ओळखणे, हे शेजारी शेजारी येतात. योग्य काळाचा संबंध केवळ आपल्या वेळेशी नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. मुले पळविण्याची अफवा फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. वाचणे आणि पुढे पाठविणे यांत दोन मिनिटे थांबावयाचे, तर मुळात घाईत नसावे लागते. पाच माध्यमे एकाच वेळी उघडी ठेवणारा घाईतच असतो.

‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाला तो पाक्षिक म्हणून. 1927 चे ‘बहिष्कृत भारत’ही पाक्षिकच. त्यातील बराचसा मजकूर बाबासाहेबांना स्वतःच लिहावा लागे. दोन अंकांमधल्या त्या पंधरवड्यात वाचन, पडताळणी आणि लेखन होई. आपल्यापैकी जे तरुण समाजमाध्यमांवर लिहितात, त्यांनी रोज दहा ओळी लिहिण्याऐवजी पंधरवड्यातून एकदा दोन पाने लिहून पाहावीत, असे मी सुचवीन.

गेल्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन लेण्याद्रीला गेलो होतो. सुलसदत्ताच्या लेखाखाली पोहोचताच एकाने छायाचित्र काढून पाठवूनही दिले. लेख अजून कोणी वाचला नव्हता. मी काही बोललो नाही. त्यानेच थोड्या वेळाने फोन पिशवीत टाकला आणि ‘देयधम’ हा शब्द अक्षर अक्षर लावून वाचायला सुरुवात केली. त्या एका ओळीला आम्हाला वीस मिनिटे लागली.