मतपेटीची राखण

कोस्टा रिकात दर चार वर्षांनी, मतदानाला चार महिने उरले की एक लहानसा समारंभ होतो. पोलीस दलांचे प्रमुख आपापले अधिकारदंड सर्वोच्च निवडणूक न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशांच्या हाती देतात. निवडणुकीपुरती पोलिसांची सूत्रं सरकारकडून काढून मतं मोजणाऱ्यांकडे सोपवली जातात. लष्कर तर या देशात नाहीच.

ही रीत रक्त सांडून आली आहे. फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे ओतिलियो उलाते हे माजी राष्ट्राध्यक्ष काल्देरोन ग्वार्दिया यांच्या पुढे होते. मतपत्रिका राजधानी सान होसेतल्या मुलींच्या एका शाळेत ठेवल्या होत्या. तिथे आग लागली आणि बऱ्याच जळाल्या. १ मार्चला संसदेने बहुमताच्या बळावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. मग होसे फिगेरेस यांनी बंड पुकारलं. यादवी ४४ दिवस चालली आणि सुमारे दोन हजार माणसं गेली. विजयी फिगेरेस यांनी १ डिसेंबर १९४८ रोजी बेयाव्हिस्ता बराकीच्या भिंतीवर घण घातला आणि लष्कर मोडीत काढलं. त्या बराकीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. पुढच्या वर्षी त्यांनी सत्ता उलाते यांच्या स्वाधीन केली.

१९४९ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पुरती कळली होती: निवडणुकीचा निवाडा निवडून आलेल्यांच्या हाती ठेवायचा नाही. कारभाराची बाकी मांडणी साधी आहे. एक राष्ट्राध्यक्ष, दोन उपराष्ट्राध्यक्ष आणि ५७ सदस्यांचं एकच सभागृह. त्यातल्या कुणालाही लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही. पण या सत्तांच्या तोडीचा दर्जा घटनेने न्यायाधिकरणालाही दिला आहे. आपल्याकडे चौथा स्तंभ म्हणजे वर्तमानपत्रं. तिथे चौथी सत्ता म्हणजे हे न्यायाधिकरण.

त्याचे तीन न्यायाधीश सर्वोच्च न्यायालय दोन तृतीयांश मतांनी सहा वर्षांसाठी निवडतं. राष्ट्राध्यक्षांचा त्यात हात नसतो. निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून सहा महिने नंतरपर्यंत तिघांचे पाच होतात. निवडणुकीच्या बाबतीत त्यांच्या निर्णयावर अपील नाही. मतदानाच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे चार महिने त्यांची हरकत असेल, तर संसदेला निवडणुकीविषयी नवा कायदाही करता येत नाही.

पण सामान्य माणसाची या संस्थेशी गाठ मतदानाच्या कितीतरी आधी पडते. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी ठेवणारं नागरी नोंदणी कार्यालय न्यायाधिकरणाचाच भाग आहे. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ओळखपत्र तिथूनच मिळतं, आणि त्याच नोंदीवरून मतदारयादी तयार होते. नाव घालण्यासाठी वेगळा अर्ज नको, खेटे नकोत. मृत्यूची नोंद होते तिथेच नाव कमीही होतं. मला या सगळ्या रचनेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण यादीवर भरवसा नसेल तर मोजणीवर कोण ठेवील?

मोजणीची खरी कसोटी २००६ साली लागली. नोबेल विजेते ओस्कर आरियास आणि ओतोन सोलीस यांच्यात चुरस इतकी अटीतटीची झाली की निकालाच्या रात्री कुणाचंच नाव जाहीर करता येईना. पहिल्याच फेरीत जिंकायला ४० टक्क्यांहून जास्त मतं लागतात. न्यायाधिकरणाने प्रत्येक केंद्राची मतं हाताने मोजली. देश आठवडेच्या आठवडे थांबला. शेवटी आरियास सुमारे १८ हजार मतांनी जिंकले आणि सोलीस यांनी निकाल मान्य केला. १९४८ मध्ये अशाच वादातून बंदुका निघाल्या होत्या.

आज काळजी आहे ती वेगळी. एके काळी ८० टक्के लोक मतदानाला येत. २०२२ च्या पहिल्या फेरीत जेमतेम ६० टक्के आले. मतदान हे घटनेनुसार कर्तव्य आहे, पण ते चुकवल्याबद्दल शिक्षा नाही.

ज्या मताकडे आता पाठ फिरवली जाते, त्याचा हक्क १९४९ च्या घटनेने बायकांनाही दिला होता. तो पहिल्यांदा बजावला गेला राजधानीत नव्हे, तर आरेनाल ज्वालामुखीच्या परिसरातल्या खेड्यांत. ३० जुलै १९५० रोजी ला तिग्रा आणि ला फोर्तुना इथे लोकांचा कौल घेतला गेला. प्रश्न एवढाच होता की गावं सान रामोन तालुक्यात राहावीत की सान कार्लोसमध्ये जावीत. त्या दिवशी मत देणारी देशातली पहिली स्त्री होती बेर्नार्दा व्हास्केस मेंदेस. ला फोर्तुना आज सान कार्लोस तालुक्यातच आहे.