पावसाळ्यासाठी इंजिन मिटवताना – ६ : वाढलेलं तेल

आज टाकीतल्या पेट्रोलबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून एका वाचकांनी असा प्रश्न विचारलाय, की त्याला सबंध लेख द्यायलाच हवा. त्यांची होडी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. हंगामाअखेर त्यांनी फोर-स्ट्रोकची डिपस्टिक काढून पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्याही वर! ते विचारतात, ‘थेंबभरही कमी झालं नाही, उलट वाढलंय. मग ऑगस्टअखेर होडी पाण्यात घालतानाच बदललं तर?’

नको. वाढलंय म्हणूनच आत्ता बदला.

तेल आपोआप वाढत नसतं, त्यात पेट्रोल आणि पाणी उतरलेलं असतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक वाफ एक्झॉस्टमधून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलात शिरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. मोटारीच्या इंजिनात तेल चांगलं तापतं आणि हा ऐवज उडून जातो. आउटबोर्डला थंड करतं समुद्राचं पाणी. ते फार तापलं तर आतल्या वाटांमध्ये क्षार धरतात, म्हणून त्याचा थर्मोस्टॅट मोटारीपेक्षा बराच आधी, ५०-६० अंशांच्या आसपास उघडतो. त्यात डॉल्फिनच्या मागे तासन्‌तास मंद चालवणं. तेल तापणार कधी?

असं पातळ, आम्लाळलेलं तेल पावसाळाभर बेअरिंगांना चिकटून राहिलं, तर इंजिन एक मिनिटही न चालता झिजतं. आपल्याकडची पिढी टू-स्ट्रोकवर वाढली. त्यात तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, मागे काही उरतच नाही. त्यामुळे पावसाळ्याआधी तेल बदलायची सवय कुणाला लागली नाही, यात होडीवाल्यांचा दोष नाही.

पाणी ओढायच्या जाळ्यांवर रबरी कप बसवा, गोडं पाणी सोडा आणि मगच इंजिन दहा मिनिटं चालवा. बंद करून तेल गरम असतानाच काढा, म्हणजे गाळही निघेल. फिल्टर बदला. नवं तेल एफसी-डब्ल्यू शिक्क्याचं घ्या. मोटारीच्या तेलात खाऱ्या हवेतल्या गंजापासून तेवढं संरक्षण नसतं. खुणेपर्यंत भरा, जास्त नको. पुन्हा पाणी सोडून दोन-चार मिनिटं चालवा, म्हणजे नवं तेल सगळीकडे पोचेल. मग इंजिन उभंच ठेवा. भलत्या कुशीवर आडवं केलंत तर हेच तेल सिलिंडरमध्ये उतरेल.

हात तेलकट आहेत तोवर खालचं गिअर ऑइलही काढा. दुधासारखं आलं तर सील गेलंय. बर्फाच्या देशात हे शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि गिअरकेस फोडतं. आपल्याकडे ते गिअर गंजवतं. पंखा काढून शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस अडकलीय का पाहा. सील बहुधा तीच कापते.

एक अपवाद. हंगामात तेल बदलूनही चार दिवसांत पातळी पुन्हा चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. मेकॅनिककडून तो आत्ताच तपासून घ्या. ऑगस्टअखेर त्याच्याकडे रांग लागलेली असते.