घरांतील यंत्रें व त्यांचीं न वाचलेलीं माहितीपत्रकें

नवें यंत्र विकत आणल्यावर त्याच्या खोक्यांतून एक घडीचें माहितीपत्रक निघतें. तें लिहिणारा कोणी मनुष्य असतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. आमचा व्यवसाय तोच आहे. "हें बटन दाबा, तें दाबूं नका" अशीं वाक्यें रचण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. आणि तीं वाक्यें सहसा कोणी वाचीत नाहीं, हेंहि आम्ही जाणून आहोंत. पत्रक स्वयंपाकघरांतील फळीवर अंथरलें जातें, त्यावर मसाल्याचा डबा स्थानापन्न होतो, व यंत्र रुसल्या दिवशीं त्याचा शोध सुरू होतो. यांत सर्व दोष वाचकांचा आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कांहीं पत्रकें अशा भाषेंत लिहिलेलीं असतात कीं, तीं समजून घेण्यापेक्षां यंत्र उघडून पाहणें सोपें वाटावें! हा अंक विद्यार्थी व त्यांचे पालक अशा दोघांच्याहि हातीं जाणारा असल्यामुळें, पत्रकांत जें कोणी वाचीत नाहीं त्यांतील दोनतीन गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभ हलक्या विषयापासून करूं. दूरचित्रवाणीचा रिमोट चालेनासा झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी त्यास तळहातावर दोनचार वेळां आपटतात, आणि आश्चर्य असें कीं पुष्कळदां तो चालूं लागतो. हा मारास भिण्याचा प्रकार नव्हे. बॅटरीचीं टोंकें व त्यांस टेकलेल्या तारेच्या स्प्रिंगा यांवर कालांतरानें मळ बसतो. धक्क्यानें बॅटरी जराशी हलते व तेवढ्यापुरता स्पर्श पुन्हा जुळतो. बॅटरी आहे तेथेंच बोटानें दोनदां फिरविली तर तेंच कार्य न आपटतां होतें. रिमोटच्या टोंकाचा चिमुकला दिवा अवरक्त किरण सोडतो. ते आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत, परंतु मोबाइलच्या कॅमेऱ्यास बहुधा दिसतात. रिमोट कॅमेऱ्यापुढें धरून बटन दाबावें; पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला तर रिमोट निर्दोष असून चूक संचाची आहे असें समजावें. कांहीं मोबाइलांच्या पाठीमागील कॅमेऱ्यांत हे किरण अडविणारी कांच बसविलेली असते, म्हणून प्रयोग पुढील कॅमेऱ्यानें करावा.

दुसरी तक्रार वाय-फायची. खडकीहून नारायणगांवच्या वाटेनें गेलें असतां खोडद गांव लागतें. तेथें प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, व तिचें व्यवस्थापन करणारें राष्ट्रीय केंद्र आपल्या शेजारींच, गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या आवारांत आहे. ही दुर्बीण कोट्यवधि प्रकाशवर्षें दूरच्या तारकाविश्वांचे अतिक्षीण संदेश टिपते. आणि आमच्या घरीं दिवाणखान्यांतील संदेश स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचत नाहीं! यांतील मर्म असें. दुर्बिणीसाठीं जागाच अशी निवडली कीं, तेथें रेडिओलहरींचा गोंगाट कमी. आपल्या घरीं मात्र शेजारपाजारचे दहाबारा राउटर एकाच वेळीं बोलत असतात, मायक्रोवेव्ह शेगडीहि जवळजवळ त्याच पट्टींत गुणगुणते, आणि वर भिंती आड येतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची सुमारें ६ सेंटिमीटर. यांतील आंखूड लहर वेगवान खरी, परंतु भिंतींतून जातांना ती अधिक क्षीण होते. छावणीच्या भागांतील जुन्या बंगल्यांच्या दगडविटांच्या जाड भिंती ज्यांनीं बांधल्या त्यांच्या मनांत उन्हाळा होता, राउटर नव्हता. उपाय साधा आहे: राउटर जेथें तार घरांत शिरते त्या कोपऱ्यांत, लोखंडी कपाटाच्या मागें न ठेवतां घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा. परंतु तार लांबविण्याचा आळस आपल्याकडे फार.

आतां जी गोष्ट सांगण्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला तिजकडे वळूं. आपल्या घरांतील तीन पायांच्या प्लगाकडे कधीं नीट पाहिलें आहे काय? वरचा पाय इतर दोहोंपेक्षां जाड व लांब असतो. हा केवळ नमुन्याचा भाग नव्हे. तो पाय जमिनीशीं जोडलेल्या तारेचा, म्हणजे अर्थिंगचा. तो लांब असल्यामुळें प्लग बसवितांना सर्वांआधीं जोडला जातो व काढतांना सर्वांमागून सुटतो. म्हणजे यंत्रांत वीज असतांना एक क्षणहि तें जमिनीपासून तुटलेलें राहत नाहीं. शिवाय पुष्कळ सॉकेटांत खालच्या दोन भोंकांवर एक पडदा असतो, व तो हा लांब पाय शिरल्यावरच उघडतो. लहान मुलानें खिळा घातला तर तो आंत जाऊं नये, हा त्याचा हेतु.

आपण काय करितों? दोन पायांचा प्लग घालण्यासाठीं वरच्या भोंकांत काडी किंवा पेनाचें टोपण खुपसून तो पडदा उघडतों. इस्त्रीचा तीन पायांचा प्लग दोन भोंकांच्या जुन्या बोर्डांत बसेना, तर तिसरा पायच मोडून टाकतों. आणि इस्त्री तापते. म्हणून सर्व ठीक चाललें आहे असें मानतों. अर्थिंग नसलें तरी यंत्र चालतें, हीच तर यांतील फसवणूक आहे.

समजा, गिझरच्या आंतील तारेचें आवरण झिजलें व ती तार धातूच्या अंगास टेकली. अर्थिंग असेल तर त्या वाटेनें एकदम मोठा प्रवाह जमिनींत जातो, फ्यूज उडतो, व दोष उघडकीस येतो. अर्थिंग नसेल तर कांहींच घडत नाहीं. गिझरचें अंग २३० व्होल्टवर मुकाट्यानें वाट पाहत राहतें. ओल्या अंगाचा मनुष्य नळास हात लावतो, आणि प्रवाहास त्याच्या देहांतून जमिनीची वाट सांपडते. ओल्या देहाचा रोध १,००० ओहमच्या आसपास धरला तर हा प्रवाह सुमारें २३० मिलिअँपिअर होतो. त्याच्या पावपट प्रवाहहि थोडा वेळ चालू राहिला तर हृदयाची गति बिघडून प्राण जाऊं शकतो. परंतु ६ अँपिअरचा फ्यूज ६,००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसणारा! फ्यूज किंवा त्याच्या जागीं आलेला एम.सी.बी. हा तारेचा रक्षक आहे, मनुष्याचा नव्हे. मनुष्याच्या रक्षणासाठीं आर.सी.सी.बी. नांवाचें निराळें उपकरण असतें. गेलेला व परत आलेला प्रवाह यांची तें सतत तुलना करितें, व घरगुती प्रकारांत दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला कीं सेकंदाच्या अल्पांशांत वीज तोडतें.

मोबाइलच्या चार्जरास दोनच पाय कां, असें कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील. ज्या यंत्राचें आवरण दुहेरी निरोधक असतें त्यास अर्थिंग लागत नाहीं. त्यावर चौकोनांत चौकोन अशी खूण छापलेली असते. ती खूण नसलेल्या तीन पायांच्या यंत्राचा पाय मोडण्यास कोणतीच सबब नाहीं.

आमच्या खडकींत दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून व स्फोटक द्रव्यांचा १९४० पासून आहे. या अंकाच्या पालकवर्गांत तेथें आयुष्य घालविलेले कित्येक असतील. अशा ठिकाणीं नियम कोणीं व कां केला हें न विचारतांहि तो पाळला जातो. कारण न पाळल्याचा परिणाम सर्वांस ठाऊक असतो. तेच हात घरीं आल्यावर सॉकेटांत काडी खुपसतात, याचें कोडें आम्हांस बरेच दिवस पडलें होतें. आमचें मत असें झालें आहे कीं, दोष मनुष्याच्या बेपर्वाईइतकाच भाषेचाहि आहे. "योग्य अर्थिंगची सुनिश्चिती करावी" असें पत्रकांत छापलें तर तें कोणास उद्देशून आहे हेंच कळत नाहीं. "तिसरा पाय मोडूं नका, मोडलात तर बिघाड झाल्या दिवशीं यंत्राचें अंग विजेनें भरेल व तें तुम्हांस दिसणार नाहीं" असें लिहिलें तर आजीबाईसहि कळेल. पुष्कळ पत्रकें इंग्रजींतच येतात. घरांत इंग्रजी वाचणारा जो एकुलता एक असतो तो बहुधा या शाळेंतील विद्यार्थीच. तेव्हां त्यानें तें पत्रक मसाल्याच्या डब्याखालून काढून निदान धोक्याच्या सूचनांचें पान घरच्यांस मराठींत वाचून दाखवावें.

आणखी एक काम त्यास सांगतों. मीटरजवळच्या पेटींत आर.सी.सी.बी. आहे काय तें वडिलांसमवेत पाहावें. असल्यास त्यावर टी अक्षराचें एक लहान बटन असतें. तें मधूनमधून दाबून पाहावयाचें असतें. दाबतांच घरांतील वीज गेली पाहिजे. न गेल्यास त्याच दिवशीं वायरमनास बोलवावें. गेल्यास खटका पुन्हा वर करावा. मात्र दाबण्यापूर्वीं ताईचा संगणकावरील निबंध लिहून चालला असल्यास तिला आधीं सांगावें.