आठवण कोणाची, कोणाला

लिऑंमध्ये एका कुटुंबात सहा महिने राहून परतलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने पुण्याला पोचल्या पोचल्या त्या घरच्या आजींना फ्रेंचमध्ये निरोप धाडला. तिला लिहायचं होतं, ‘मला तुमची फार आठवण येते’. तिने लिहिलं, ‘झ वू मांक’. आजींनी वाचलं ते असं : ‘तुम्हाला माझी आठवण येते’. क्रियापद अचूक निवडलेलं, त्याचं रूप अचूक, शुद्धलेखनही नीट. फक्त आठवण कोणाची आणि कोणाला, याची अदलाबदल झाली होती.

ती इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचमध्ये गेली, म्हणून हे झालं. इंग्रजीतल्या ‘आय मिस यू’मध्ये ‘मी’ कर्ता असतो आणि समोरचा माणूस कर्म. तिने ‘मी’च्या जागी फ्रेंच ‘मी’ ठेवला, ‘तुम्ही’च्या जागी ‘तुम्ही’, आणि ‘मिस’च्या जागी ‘मांके’. पण ‘मांके’ म्हणजे कमी असणं, उणं पडणं. जे माणूस जवळ नाही ते त्या वाक्याचा कर्ता होतं आणि ज्याला उणीव भासते त्याला आपल्या ‘ला’सारखं रूप लागतं. ‘वू म मांके’, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर ‘तुम्ही मला उणे आहात’. इंग्रजाला हे वाक्य उलटं वाटतं. आपल्याला वाटायला नको, कारण आपणही ‘मला तुमची उणीव भासते’ असंच म्हणतो. उणीव भासते, ती मला. मी त्यात काही करत नाही.

गेली कित्येक वर्षं फ्रेंच शिकवताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. आपली मुलं फ्रेंच शिकतात ती इंग्रजीतून. शब्दकोश इंग्रजी-फ्रेंच, व्याकरणाचं स्पष्टीकरण इंग्रजीत, मनातलं पहिलं वाक्यही इंग्रजीत. आणि जिथे इंग्रजी व फ्रेंच यांचं जुळत नाही, नेमक्या त्यातल्या बऱ्याच जागी मराठी आणि फ्रेंच हातात हात घालून उभ्या असतात. घरातली भाषा बाजूला ठेवून मुलं लांबचा फेरा घेतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

‘मला’चंच बघा. ‘मला आवडतं’ याला फ्रेंच म्हणतं ‘सा म प्ले’. ‘मला वाटतं’ याला ‘इल म सांब्ल’. ‘मला पाहिजे’ याला ‘इल म फो’. यातला ‘म’ म्हणजे आपला ‘मला’. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी सरळ ‘मी’ पुढे येतो : मी आवडून घेतो, मी विचार करतो, मला हवं असेल तर तेही मीच ‘गरजतो’. फ्रेंच भाषेत ‘मी’ कर्ता असलेली वाक्यंही आहेतच, आवडण्यासाठी ‘एमे’ हे क्रियापद तर रोजच्या वापरातलं आहे. पण ‘इल म फो’ शिकवताना मी इंग्रजी भाषांतर फळ्यावर लिहीतच नाही. ‘मला वेळ पाहिजे’ एवढं लिहिते. ‘पाहिजे’ला जसा ‘मी पाहिजतो’ असा कर्ता लावता येत नाही, तसाच ‘फो’लाही येत नाही. मुलांचे चेहरे उजळतात. फ्रेंचचा ‘म’ आणि मराठीचा ‘म’ हे दूरचे नातेवाईकही आहेत; एक लॅटिनकडून आला, दुसरा संस्कृतकडून, आणि त्या दोन्ही भाषांचं मूळ एकच.

दुसरी मोठी जागा म्हणजे हालचालीची क्रियापदं. इंग्रजी माणूस रस्त्यापलीकडे ‘धावतो’, जिन्याखाली ‘धावतो’, खोलीबाहेर ‘धावतो’. कसा गेला ते क्रियापद सांगतं आणि कुठे गेला ते मागून येणारा एक छोटा शब्द. फ्रेंचमध्ये हा छोटा शब्द मिळत नाही, म्हणून शिकणारा अडतो. झां-पोल व्हिने आणि झां दार्बेलने या दोन भाषातज्ज्ञांनी 1958 मध्ये इंग्रजी आणि फ्रेंचच्या शैलींची तुलना करणारं पुस्तक लिहिलं, ते भाषांतराच्या अभ्यासात आजही वाचलं जातं. न्यूयॉर्कहून माँट्रियलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पाट्यांपासून त्यांनी सुरुवात केली. क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या या इंग्रजी-फ्रेंच अदलाबदलीला फ्रेंच भाषांतरकार ‘शासे-क्रुआझे’ म्हणतात. नाचात जोडीदार एकमेकांच्या जागा घेतात त्या पदन्यासाचं हे नाव. इंग्रजीतला छोटा शब्द फ्रेंचमध्ये क्रियापद होतो, आणि इंग्रजीतलं क्रियापद शेपटाला जातं : ‘त्राव्हेर्से ला र्यू आं कुरां’. आता हे मराठीत म्हणा. ‘धावत रस्ता ओलांडला’. ओलांडणं हे मुख्य काम, धावणं ही त्याची तऱ्हा. ‘नदी पोहून पार केली’, ‘पळत जिना उतरला’. जो पदन्यास इंग्रज विद्यार्थ्याला घोकावा लागतो, तो आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. फक्त शब्दांचा क्रम तेवढा बदलायचा.

मग येतं इंग्रजीतलं सगळ्यात दमवणारं क्रियापद, ‘गेट’. मुलं विचारतात, ‘मॅडम, गेटला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?’ मी उलट विचारते, ‘मराठीत काय म्हणतात?’ वर्गात शांतता पसरते. कारण मराठीत पत्र मिळतं, बसमध्ये चढतात, सकाळी उठतात, माणूस म्हातारा होतो आणि बोलण्याचा रोख कळतो. पाच वाक्यं, पाच क्रियापदं. फ्रेंचमध्येही पाचच : ‘रसव्हुआर’, ‘मोंते’, ‘स लव्हे’, ‘व्हिएयीर’, ‘कोंप्रांद्र’. त्यातलं ‘व्हिएयीर’ मला विशेष आवडतं. म्हातारं होणं, बारीक होणं, लाल होणं, यांना फ्रेंचमध्ये एकेक अख्खं क्रियापद आहे. ‘रुजीर’ म्हणजे लाजेने लाल होणं. शब्दकोशात ‘गेट’पाशी उभं राहून खालची लांबलचक यादी चाळण्याऐवजी, नक्की काय घडलं ते आधी मराठीत सांगायचं. निम्मं भाषांतर तिथेच झालेलं असतं.

‘मी आत्ताच जेवले’ यालाही हाच उपाय चालतो. फ्रेंच म्हणतं ‘झ व्हिएं द मांझे’, म्हणजे ‘मी जेवण्यातून येते आहे’. आपण ‘जेवून आले’ म्हणतो. ‘केस कापून घेतले’ हेही तसंच. स्वतः कात्री धरली नाही, दुसऱ्याकडून करवून घेतलं, हा अर्थ फ्रेंच ‘फेर’ या क्रियापदाने आणतं. ‘तिला पोहता येतं’ याला फ्रेंचमध्ये येण्या-जाणण्याचं क्रियापद लागतं, ‘साव्हुआर’. इंग्रजीतल्या ‘कॅन’वरून गेलेली मुलं इथे ‘पुव्हुआर’ वापरतात, आणि मग ती पोहायला शिकली आहे एवढं साधं सांगायचं राहून जातं. आज तिला पोहायची मुभा आहे किंवा पोहणं शक्य आहे, असा अर्थ निघतो.

मराठी प्रत्येक ठिकाणी साथ देते असं मात्र नाही. भूक आपल्याला लागते. फ्रेंच माणसाजवळ भूक असते. थंडी आपल्याला वाजते. त्याच्याजवळ तीही असते. आणि ‘घेऊन जाणं’ आपण पोराला शाळेत घेऊन जाण्यासाठी आणि डबा घेऊन जाण्यासाठी एकच वापरतो. फ्रेंच माणूस तिथे फरक करतो. माणसाला न्यायचं तर ‘आंमने’, वस्तू न्यायची तर ‘आंपोर्ते’, कारण एकाला सोबत चालवायचं असतं आणि दुसरीला उचलायचं. हा फरक मी हॉटेलवरून शिकवते. फ्रान्समध्ये खाद्यपदार्थांच्या दुकानात विचारतात, ‘सुर प्लास, ऊ आ आंपोर्ते?’ इथे खाणार की पार्सल? सँडविच उचलून न्यायचं असतं हे एकदा डोक्यात बसलं की मित्राला कोणी ‘आंपोर्ते’ करत नाही.

इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या फ्रेंच शब्दांचा धोका वेगळा. ‘ब्लेसे’ म्हणजे आशीर्वाद देणं नव्हे, जखमी करणं. ‘आतांद्र’ म्हणजे हजर राहणं नव्हे, वाट पाहणं. हे पाठच करावे लागतात.

इंग्रजी आणि फ्रेंचमधलं भाषांतर जिथे रोजच्या जगण्याचा भाग आहे, ती जागा म्हणजे कॅनडा. फ्रान्समधल्या रस्त्यांवर थांबण्याच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ‘आरे’. चहूकडून इंग्रजी असलेला समाज आपली भाषा अशी जपतो. तरी बोलण्यात इंग्रजी झिरपतंच : फेरफटका मारायला क्वेबेकची माणसं ‘प्रांद्र युन मार्श’ म्हणतात, इंग्रजीसारखा फेरफटका ‘घेतात’. कॅनडाच्या संसदेचं कामकाज दोन्ही भाषांत छापलं जातं. आयबीएमच्या संशोधकांनी ते छापील कामकाज संगणकाला दिलं आणि कोणता इंग्रजी शब्द कोणत्या फ्रेंच शब्दासमोर येतो ते मोजायला लावलं. 1990 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ‘हिअर’ या इंग्रजी शब्दाचं, म्हणजे ऐकण्याचं, फ्रेंच भाषांतर संगणकाने काढलं ‘ब्राव्हो’, आणि तेही 0.992 इतक्या संभाव्यतेने. ऐकणं या अर्थाचं खरं क्रियापद कुठल्या कुठे मागे राहिलं. संगणकाची त्यात चूक नव्हती. सभागृहात पाठिंब्यासाठी सदस्य ‘हिअर, हिअर’ असा घोष करतात आणि फ्रेंच प्रतीत तिथे ‘ब्राव्हो’ छापलं जातं. शब्दाचा अर्थ तो कुठे, कोणाच्या तोंडून निघाला यावर किती ठरतो, हे दाखवायला मी हा आकडा दर वर्षी वर्गात सांगते.

वाक्प्रचारांत तर शब्द पूर्ण सोडूनच द्यावे लागतात. इंग्रजीत मांजरं-कुत्री पडतात, फ्रेंचमध्ये दोर पडतात, आपल्याकडे मुसळं. तिन्हीकडे पाऊस तोच. कधीच न होणाऱ्या गोष्टीसाठी इंग्रज डुकराला पंख लावतो, फ्रेंच माणूस कोंबडीला दात आणतो. न सांगता सटकण्याला इंग्रजीत ‘फ्रेंच रजा’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘फिले आ लांग्लेझ’, इंग्रजी पद्धतीने पळणं. शेजाऱ्यांचं जुनं भांडण भाषेत असं राहून गेलं आहे. महागड्या वस्तूला इंग्रजीत हात आणि पाय द्यावा लागतो, फ्रेंचमध्ये डोक्यातले डोळे. किंमत ऐकून डोळे पांढरे होणाऱ्या आपल्या माणसाला ते चटकन पटतं. आणि अस्वल मारण्याआधीच त्याचं कातडं विकणारा फ्रेंच माणूस भेटला, की मला ‘बाजारात तुरी’ आठवल्याशिवाय राहत नाही. इंग्रजी म्हणीतली अंड्यातून न निघालेली पिल्लं मध्ये आणायची गरजच पडत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी चूक दुरुस्त करून दिली नाही. ‘उणीव कोणाला भासते?’ एवढंच विचारलं. तिने मिनिटभर फोनकडे पाहिलं आणि नवा निरोप टाइप केला, ‘वू म मांके’. लिऑंहून उत्तर रात्री आलं. दुसऱ्या दिवशी तिने ते मला दाखवलं, ‘तू नू मांक ओसी’, आणि मी काही विचारायच्या आत मराठीत सांगितलं : ‘आम्हालाही तुझी आठवण येते’.