उन्हात उभी मोटार

विदर्भातला मे महिना कसा असतो, हे काय वेगळे सांगायला हवे? नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो. माणसे सावली धरतात. गुरे झाडाखाली जातात. पण बाजारात, लग्नाच्या मांडवाबाहेर मोटारी उन्हातच उभ्या असतात. अशी मोटार आतून किती तापते, ठाऊक आहे?

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात असेच कडक ऊन पडते. तिथल्या संशोधकांनी मोजून पाहिले आणि २०१८ साली आकडे प्रसिद्ध केले. तासभर उन्हात ठेवलेल्या मोटारीत हवा सरासरी ४७ अंश तापली. हातातले चाक ५३ अंशांवर गेले. काचेखालची पुढची फळी ६९ अंशांवर! सावलीतल्या मोटारीत हवा ३८ अंशांच्या आसपास राहिली.

असे का होते? काचेतून ऊन आत येते. त्याने फळी, चाक, बैठका तापतात. त्यांच्यामुळे आतली हवा तापते. काचा बंद, दारे बंद. मग ती हवा जाणार कुठे?

काहीजण म्हणतात, "काच दोन बोटे उघडी ठेवली की झाले." पण तेवढ्याने फारसा फरक पडत नाही. आणि मोटार तापायला वेळही लागत नाही. तासाभरात जेवढी तापते, त्यातला बहुतेक ताप पहिल्या अर्ध्या तासातच चढतो.

मग करावे काय?

मोटार सावलीत लावा. मात्र सावली सरकते, हे ध्यानात ठेवा. दुपारनंतर ती भिंतीच्या पूर्वेला पडते. सावली नसेल, तर पुढच्या काचेला आतून पुठ्ठा किंवा चकचकीत पडदा लावा. चाकावर पांढरे फडके टाका. परत आल्यावर लगेच आत बसू नका. चारही दारे उघडा. कोंडलेली हवा जाऊ द्या. मग काचा खाली करून थोडे अंतर चाला. गार हवेचे यंत्र त्यानंतर लावा.

काडीपेटी, लायटर, फवाऱ्याचे डबे, औषधे गाडीत ठेवू नका.

आता सगळ्यांत मोठी गोष्ट. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा तिपटीने, कधी पाचपटीनेही लवकर तापते. म्हणून लेकराला गाडीत एकटे सोडू नका. झोपले असले तरी उचलून घ्या. "दोन मिनिटांत येतो" म्हणून गेलेला माणूस बाजारात किती वेळ रमतो, ते आपण जाणतोच.

मुले खेळता खेळता आपणहूनही गाडीत शिरतात. मग दार उघडता येत नाही. जून २०२३ मध्ये नागपुरात घराबाहेर गेलेली तीन लहान मुले एका उभ्या मोटारीत मृत सापडली. म्हणून दारात उभी असलेली गाडीही कुलूपबंद ठेवा. किल्ली उंचावर टांगा. मूल दिसेनासे झाले, तर आधी आसपासच्या गाड्यांत पाहा.

बंद गाडीत मूल अडकलेले दिसले, तर मालकाची वाट पाहत बसू नका. ११२ नंबरला फोन लावा. मूल मलूल झाले असेल, तर त्याच्यापासून लांबची काच फोडा. त्याला सावलीत आणा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

काच पुन्हा बसवता येते. गेलेला जीव परत येत नाही.