उबवणी यंत्रातील पहिले एकवीस दिवस

ज्या घरात खुडूक कोंबडी बसलेली आहे, त्या घराला अंडी उबविण्याचे शास्त्र नवे नाही. पाटीत भुसा पसरून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवावयाची, पाटी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावयाची आणि एकविसाव्या दिवशी पिलांची चिवचिव ऐकावयाची, हा क्रम वडीलधाऱ्या स्त्रियांच्या अंगवळणी पडलेला असतो. मधल्या दिवसांत माणसाला करण्यासारखे फारसे काही नसते. कोंबडी आपल्या अंगाची ऊब देते, चोचीने अंडी उलटीसुलटी करते, कडेची अंडी मध्ये आणि मधली कडेला सारते. ती थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते व अंडी गार होण्यापूर्वी परत येते. शेवटच्या दोन दिवसांत तर ती सहसा उठतच नाही.

अडचण अशी की, कोंबडी खुडूक होते ती आपल्या वेळेला, मालकाच्या गरजेला नव्हे. शिवाय अंड्यांवर आणि मागाहून पिलांबरोबर असेपर्यंत ती अंडी देत नाही. जास्त अंडी देणाऱ्या सुधारित जातींत तर खुडूकपणा निवडीने जवळजवळ नाहीसाच केलेला आहे. म्हणून आता अनेक शेतकरी कुटुंबे विजेवर चालणारे लहान उबवणी यंत्र घेऊ लागली आहेत. कोंबडीवाचून अंडी उबविण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवीत असत, आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर ग्रंथही लिहिला.

यंत्र घरी आले म्हणजे कोंबडीचे काम यंत्राने पत्करले, अशी समजूत होते. वस्तुतः साधे यंत्र केवळ ऊब देते. अंडी फिरविणे, हवेतील ओलावा राखणे आणि मुख्य म्हणजे शेवटी स्वस्थ बसणे, ही कोंबडीची बाकीची कामे माणसावरच येतात.

प्रथम यंत्र रिकामेच एक दिवस व एक रात्र चालवून पाहावे. त्यातील उष्णतामापकावर आंधळेपणाने विश्वास ठेवू नये. कोमट पाण्याच्या भांड्यात तो आणि ताप मोजण्याचा डॉक्टरी उष्णतामापक एकत्र धरून दोहोंतील फरक टिपून ठेवावा. पाणी मात्र १०५ अंश फॅरनहाइटच्या वर तापलेले नसावे, नाहीतर डॉक्टरी नळी फुटण्याचा संभव असतो. पंखा असलेल्या यंत्रात हवा सर्वत्र सारखी खेळते, म्हणून तेथे ९९.५ ते १०० अंश फॅरनहाइट (३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस) उष्णता ठेवावी. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर साचते व तळ थंड राहतो. म्हणून तेथे मोजमाप अंड्याच्या वरच्या पृष्ठभागाशी करावे आणि ते १०१ ते १०२ अंश असावे. एका प्रकारच्या यंत्राचा आकडा दुसऱ्यास लावल्याने पहिली खेप वाया जाण्याची मोठी भीती असते. पेटी घरीच बनविली असेल, तर तीत जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावावा. नव्या एलईडी दिव्याची ऊब या कामी पुरत नाही.

दुकानातील अंडी उबवणीच्या कामाची नाहीत. अंड्यांसाठी चालविलेल्या मोठ्या कुक्कुटशाळांत नर ठेवीत नाहीत, त्यामुळे ती अंडी अफलित असतात. आठ-दहा माद्यांमागे एक निरोगी नर असलेल्या कळपातील, सात दिवसांच्या आतील, मध्यम आकाराची व न तडकलेली अंडी निवडावी. ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावी, पण शीतकपाटात ठेवू नयेत. अंडी धुऊही नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप निघाला की रोगजंतूंना वाट मिळते. पुणे, नागपूर, कोल्हापूर व छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, तेथेही चौकशी करता येईल. यंत्र पन्नास अंड्यांचे असले तरी पहिल्या खेपेस वीसच मांडावी. नवशिक्याचे नुकसान त्यामुळे आटोक्यात राहते.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढावा. अंडे एकाच बाजूवर पडून राहिले, तर आतील गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्यास चिकटतो. म्हणून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवावी. विषम संख्येचे कारण असे की, रात्रीचा दीर्घ काळ रोज त्याच बाजूच्या वाट्यास येऊ नये. हात स्वच्छ धुतलेले असावेत.

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी आणि अंडी एकेक करून पाहावी. कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा व मध्ये हलणारा काळसर ठिपका दिसला, की अंडे जिवंत आहे. सगळे अंडे स्वच्छ उजळले तर ते अफलित समजावे. आत केवळ रक्ताची कडी दिसली तर गर्भ सुरू होऊन मेला आहे. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाकावी. तपकिरी कवचामुळे शंका राहिली, तर चौदाव्या दिवशी पुन्हा पाहावे. हा प्रसंग घरच्या मुलांना अवश्य दाखवावा.

ओलाव्याचा प्रश्न प्रदेशाप्रमाणे बदलतो. पहिले अठरा दिवस हवेतील आर्द्रता ५० ते ५५ टक्के असावी. विदर्भातील एप्रिलच्या कोरड्या हवेत पाण्याची थाळी वारंवार भरावी लागेल, तर कोकणातील श्रावणात ती कदाचित रिकामीच ठेवावी लागेल. यासाठी तराजूची परीक्षा चांगली आहे. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटावयास हवे, म्हणजे दहा अंडी मांडताना ५०० ग्रॅम भरली असतील, तर ती ४४० ग्रॅमच्या आसपास यावी.

वीज गेली तर झाकण उघडू नये. यंत्रावर गोधडी टाकावी, पण हवेची भोके मोकळी ठेवावी आणि वीज येताच ती काढून घ्यावी. तास-दीड तासाच्या गारव्याने गर्भ सहसा मरत नाही, पण उष्णता १०५ अंशांपर्यंत चढली तर तो लवकर दगावतो. ‘थोडी ऊब जास्त असलेली बरी’ हा विचार म्हणूनच घातक आहे.

अठराव्या दिवशी अंडी फिरविणे बंद करावे, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी आणि झाकण लावून टाकावे. खरी परीक्षा येथून सुरू होते, आणि ती माणसाची असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते. पिलाने आतल्या वायुकोशात चोच घालून श्वास घेण्यास सुरुवात केलेली असते. मग कवचावर एक लहान टवका उडतो आणि पुढे कित्येक तास काहीच घडत नाही. घरातील मंडळींचा जीव कासावीस होतो, पिलू अडकले असे वाटू लागते. वस्तुतः याच वेळी उरलेला बलक पिलाच्या पोटात ओढला जात असतो आणि पापुद्र्यातील रक्तवाहिन्यांतून रक्त त्याच्या अंगात परत येत असते. पहिल्या टवक्यापासून बाहेर पडेपर्यंत १२ ते २४ तास लागू शकतात. दयेने कोणी कवच सोलले, तर रक्त वाहून पिलू मरते. केवळ पाहण्यासाठी झाकण उघडले, तरी दमट हवा क्षणात निघून जाते, पापुद्रे वाळून कागदासारखे पिलांना आवळतात, आणि एका पिलाच्या काळजीपोटी शेजारची चार पिले अंड्यातच गुदमरतात. या काळात झाकणावर कागद चिकटवून त्यावर ‘उघडू नये’ असे लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

बाहेर आलेली पिले उपाशी आहेत, या चिंतेनेही घाई करू नये. पोटातील बलकावर ती दोन दिवस सहज राहतात. अंग वाळून फुलल्यावर त्यांना एकदमच काढून ९५ अंश उष्णतेच्या ऊबदार पेटीत ठेवावे व पाणी आणि भरडलेला दाणा द्यावा. पुढे दर आठवड्यास ही उष्णता पाच अंशांनी कमी करावी.

वीसांतून दहा-बारा पिले निघाली तरी पहिल्या खेपेस निराश होऊ नये. उरलेली अंडी तेविसाव्या दिवशी घरापासून दूर नेऊन फोडून पाहावी. गावातील पशुधन पर्यवेक्षक किंवा अन्य कार्यकर्ता या वेळी हजर असल्यास फार उपयोग होतो. पिले एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली असतील तर ऊब जास्त होती, बाविसाव्या दिवसापर्यंत लांबली असतील तर कमी होती. पूर्ण वाढलेली पिले कवचातच मेलेली आढळली, तर ओलावा, अंडी फिरविणे आणि शेवटच्या दिवसांतील उघडझाप यांची आठवण करावी. जे आढळले ते तारखेसह वहीत लिहावे, फोडलेली अंडी खोल पुरावी, यंत्र जंतुनाशकाने धुऊन उन्हात वाळवावे, आणि मगच दुसऱ्या खेपेची अंडी गोळा करण्यास आरंभ करावा.