टनामागचे 10 रुपये आणि कोपीवरचे आरोग्य

सभासद बंधू-भगिनींनो,

उष्ण बाष्प यंत्रात 54 अंशांवर अडीच तास बेणे ठेवले की काणी व गवताळ वाढ पुष्कळ आटोक्यात राहते, हे आपण जाणता. ते टाळले आणि प्लॉटात काणीचा पट्टा निघाला, की बेट उपटून जाळणे एवढेच हाती उरते. माणसाच्या आरोग्याचेही गणित तेच आहे.

हा विषय शेती खात्याने काढण्याचे कारण सांगतो. गेल्या हंगामात तोडणी पाहायला आम्ही एका फडावर गेलो होतो. पाचटावर वर्षाचं मूल झोपलेलं. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिलेली. आई म्हणाली, "कार्ड गावाकडं राहिलं, हितं कुणाला इचारायचं?" लस सरकारी, फुकट, अंगणवाडी हाकेच्या अंतरावर. अडलं ते फक्त विचारण्यावाचून.

2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. वेळेवर तपासणी नाही, फडावर आडोसा नाही, खाडा परवडत नाही. मग दुखणे थेट ऑपरेशनपर्यंत जाते.

आता पैशाचे पाहू. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्याच्या निधीतील दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला द्यावा, असे म्हटले आहे. महात्मा फुले योजना माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. ती हवीच, पण ती बेट उपटण्याची सोय झाली, बेणेप्रक्रिया नव्हे.

लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे 10 रुपये द्यावेत व शासनाने तेवढीच भर घालावी, असे 2021 मध्ये ठरले. 6 लाख टन गाळपाचा कारखाना धरला तर त्याचे 60 लाख, शासनाचे 60 लाख, मिळून 1 कोटी 20 लाख. कारखान्याचा पैसा म्हणजे शेवटी आपल्याच उसाचा. तेव्हा तो आधी तपासणी, लस, पाणी आणि संडास यांवर पडावा, असे म्हणण्याचा सभासदाला हक्क आहे. वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर हाही प्रश्न जरूर विचारावा.

तोवर आपल्या हातातले करू या :

1) टोळी उतरताच सहा वर्षांखालील मुले व गरोदर बायका किती, हे आशाताईंना व अंगणवाडी सेविकेला कळवावे. 1975 साली सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा बाहेरगावच्या मुलांसाठीही आहे.

2) करार करतानाच मुकादमाला माता-बाल कार्डे सोबत आणायला सांगावे.

3) कोपीवर पिण्याचे पाणी विहिरीतून थेट न देता जंतुनाशक टाकून द्यावे.

4) आजारी अगर गरोदर बाईच्या खाड्यासाठी मुकादमाशी आधीच बोलून ठेवावे.

गट ऑफिसात चिटबॉयकडे नुसती संख्या सांगितली तरी पुढचा निरोप आम्ही पोचवू. टोळी धडधाकट राहिली, तर आपला ऊसही वेळेवर तुटेल. पण मूळ कारण ते नव्हे. आपल्या शिवारात चार-पाच महिने राहणारं लेकरू आपल्याच गावचं समजायचं, एवढंच सांगणं आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी